चार हजार एकशे बारा पावलं

रविवारी दुपारी स्वयंपाकघरातला तिसरा खण कुरकुरला.

घर चिडीचूप होतं. मुंगी माझ्या दंडावर डोकं टेकून झोपली होती. तिच्या बाबांचं चष्म्याचं दुकान रविवारीही उघडं असतं. ताई पलीकडच्या खोलीत पाठ टेकून पडल्या असतील असं मी धरून चालले होते. आमच्या स्वयंपाकघरात खण चारच. पहिल्यात चमचे, दुसऱ्यात सुतळी, मेणबत्त्या आणि कशाच्या ते न आठवणाऱ्या किल्ल्या, चौथा उघडतच नाही. तिसरा आधी अडतो आणि मग गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यासारखा कण्हत बाहेर येतो. त्या खणात माझी वही होती.

मला उठता आलं असतं. दंड काढला तर लेक जागी होईल, असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं म्हणजे मला ऐकायचं होतं. पानं उलटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग खण परत कुरकुरला, या वेळी अगदी हळू, कुणीतरी हाताने त्याचं तोंड दाबल्यासारखा.

संध्याकाळी मी वही काढून पाहिली. बाराव्या पानात मी पेन्सिलीचं एक सोलपट ठेवलं होतं. ते आता नवव्या पानात होतं.

ही युक्ती शाळेतली. प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा कपाटात ठेवताना त्यात आम्ही असं सोलपट ठेवायचो. कुणी हात लावला की ते जागा सोडायचं. मी नऊ वर्षं तिसरीला शिकवलं. ही युक्ती कधी स्वतःच्या घरात वापरावी लागेल असं वाटलं नव्हतं.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. गावाकडे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्या कापणीच्या टेबलावर मुख्य होत्या. एका वेळी कापडाचे चाळीस थर एका रेषेत कापायच्या, आणि वरचा शर्ट नि खालचा शर्ट यांत सुताचा फरक नसायचा. मी निवडून आले तेव्हा मुंगी तीन वर्षांची होती. राजधानीत मुलीला सांभाळणार कोण, यावर घरात आठवडाभर नुसते सुस्कारे चालले होते. आठव्या दिवशी ताई कात्री पिशवीत घालून आल्या आणि म्हणाल्या, "चला मास्तरीणबाई, देश चालवायला घ्या. मी वेण्यांचं बघते."

लग्न झाल्यापासून त्या मला मास्तरीणबाईच म्हणतात.

वेण्या मात्र मीच घालायचे. दिवसातली तेवढी वीस मिनिटं मुंगी पूर्ण माझी असायची. मुंगी हे तिचं नाव पडलं तिच्या सवयीवरून. ही पोर ताटातला कण उचलून खिडकीत नेणार, खिडकीतलं पान उशीखाली नेणार. या खोलीतली गोष्ट त्या खोलीत पोचवल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

माझं राजकारण सुरू झालं ते एका पावलांच्या खेळातून. आमच्या शाळेत एकोणीस मुलं होती. वीसच्या आतल्या शाळा बंद करून मुलांना शेजारच्या मोठ्या शाळेत घालायचं, असा हुकूम आला. पहिल्या दिवशी मी मुलांना घेऊन नव्या शाळेकडे चालत निघाले. अर्ध्या वाटेत सगळ्यात धाकटी पोरगी बसकण मारून म्हणाली, बाई, आता पाय संपले. तिला उठवायला मी पावलं मोजायचा खेळ काढला. सगळी मोजायला लागली. दुसऱ्या दिवशी तिच्या घरापासून मोजत निघालो, तर नव्या शाळेच्या पायरीवर आकडा आला चार हजार एकशे बारा. महिन्याभरात ती पोरगी घरीच राहायला लागली.

मग कचेरीत सुनावणी झाली. गावातली मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली, म्हणून मी उभी राहिले. बोलायची एकच रीत मला ठाऊक होती, वर्गातली. वर्गात आपण वाक्य पूर्ण करत नाही. "पाण्याची झाली वाफ, वाफेचे झाले—" म्हणायचं आणि हात पसरून थांबायचं. उरलेलं वर्ग म्हणतो. सवयीने मी तिथेही थांबले. "शाळा लांब गेली की आधी घरी बसते ती—" आणि मागच्या बाकावरच्या बायका एका सुरात म्हणाल्या, "मुलगी."

त्या दिवसापासून लोक मला बोलवायला लागले. आधी सभागृहं, मग मैदानं. पक्षाच्या अध्यक्षा, ज्यांना सगळे थोरल्या बाई म्हणतात, एका सभेत मागे उभ्या राहून ऐकत होत्या. नंतर म्हणाल्या, "तू बोलत नाहीस गं. लोकांकडून बोलून घेतेस. हे शिकवून येत नाही." दोन वर्षांनी मला तिकीट मिळालं, आणि मी निवडून आले. पण राजधानीत आल्यावर त्यांनीच बजावलं, "आत ही युक्ती चालायची नाही. सभागृहात अर्धं वाक्य म्हणजे विसरलेलं वाक्य. आणि तुझ्या तोंडातलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी कधी गेलं, ते तुला कळणारसुद्धा नाही. इथे भिंतींना कान असतात, आणि कानांना पगार."

मी हसले होते. मग समितीच्या बैठकीत शिक्षणमंत्री बोलायला उठले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. मंत्री शांतपणे म्हणाले, "काही जण म्हणतील, शाळा लांब गेली की आधी घरी बसते ती मुलगी." पुढे त्यांनी त्याचं तयार उत्तर दिलं. ते वाक्य मी गावाकडच्या सभांमध्ये बोलले होते, त्यामुळे कुणी सांगितलं असेल म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यानंतरची दोन वाक्यंही माझीच होती, आणि ती मी नुकतीच लिहिली होती.

माझ्या भाषणाचा मसुदा एकाच माणसाच्या हातून गेला होता, कार्यालयातल्या टंकलेखकाच्या. मी विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, एकतीस वर्षं मी इथे टाइप करतोय. वाचायला लागलो असतो तर केव्हाच वेडा झालो असतो."

तरीही त्यांच्याकडे कागद देणं मी बंद केलं. नंतर ते मला बघून उठून उभे राहायचे, पण हसायचे नाहीत. शाळांच्या विधेयकावर मला सात मिनिटं मिळाली होती. सभागृहातलं माझं ते पहिलं भाषण. विधेयक मंजूर झालं तर आमच्यासारख्या साडेतीन हजार शाळांना कुलूप लागणार होतं. आमच्या बाजूचे आठदहा जण कुंपणावर होते, आणि थोरल्या बाईंचा भरवसा होता की ते माझं ऐकून इकडे येतील. म्हणून मी भाषण दोनशे पानी वहीत हाताने लिहिलं. वही तिसऱ्या खणात ठेवली. पाठांतर मात्र पहिल्या मसुद्यापासूनच करायचे सकाळी, वेण्या घालता घालता, हळू आवाजात. मुंगीला तो खेळच वाटायचा. मी म्हणायचे, "घरापासून शाळा किती? चार हजार एकशे—" आणि आरशातली मुंगी म्हणायची, "बारा." एखाद्या दिवशी मी चुकले की ती मान वळवायची आणि वेणी सुटायची.

आता घरात माझ्याखेरीज माणसं तीन. त्यातलं एक चार वर्षांचं. उरली दोन.

सोमवारी मी ताईंना काही विचारलं नाही. फक्त लक्ष ठेवलं. वर्गात पाठीमागूनही कोण चिठ्ठी देतंय ते मला कळायचं, तो डोळा परत उघडला. ताई फोन घेऊन गॅलरीत जात होत्या. पूर्वी त्या स्वयंपाकघरात, हात पुसत, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलायच्या. मी पाण्याचा पेला घ्यायच्या निमित्ताने दाराशी गेले.

"नाही नाही, तिला कळता कामा नये," ताई म्हणत होत्या. "मी बघून सांगते ना उद्या. दोन ओळींचाच घोळ आहे. हो. शब्द दिलाय म्हटलं."

मला बघून त्यांनी फोन खाली केला आणि दोरीवरचा आधीच वाळलेला टॉवेल परत झटकला.

संध्याकाळी मी त्यांच्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला विचारलं, "ताई फोनवर कुणाशी बोलतात?"

तो कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू पिळत होता. "मला काय ठाऊक. तिलाच विचार."

"माझी वही उघडली होती त्यांनी."

"मग वाचली असेल. छापलेला कागद दिसला की पुडीसुद्धा वाचते ती." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने स्क्रू खाली ठेवला. "तुला काय वाटतंय? ताई? अगं, मंत्री कोण आणि त्याचा ड्रायव्हर कोण, तिला गाडीचं दार कोण उघडतं त्यावरून कळतं."

"ज्यांच्यावर संशय येत नाही, त्यांच्याकडूनच कामं करून घेतात."

"हे तुला थोरल्या बाईंनी सांगितलं?"

सांगितलं होतं. पण मी गप्प बसले. त्यानेही पुढे विचारलं नाही. घरात एकदा असं गप्प बसणं शिरलं की ते खुर्ची ओढून बसतं.

बुधवारी माझं भाषण होतं. मी पाण्याचा घोट घेतला, उभी राहिले, आणि पहिली तीन मिनिटं बरी गेली. कुंपणावरच्यांपैकी एक म्हातारे सदस्य कानामागे हात धरून ऐकत होते. मग मी पावलांवर आले. अर्धं वाक्य सोडायचं नाही हे शंभरदा घोकलं होतं. पण तो कान बघून मला वर्ग आठवला. "त्या मुलीच्या घरापासून नव्या शाळेची पायरी," मी म्हणाले, "मोजून चार हजार एकशे—"

"बारा," समोरून मंत्री म्हणाले. अगदी वर्गातल्या शहाण्या मुलासारखं, हात वर करून.

सगळं सभागृह हसलं. म्हाताऱ्या सदस्यांनी कानामागचा हात काढला, तेही हसले. मंत्री बसल्या बसल्या म्हणाले, "पुढे बाई आपल्याला पाय संपलेल्या मुलीची गोष्ट सांगतील. सांगा बाई, आम्ही ऐकतोय." मी ती गोष्ट सांगितली. आधीच सांगून झालेली गोष्ट परत सांगताना आवाज कसा येतो, ते मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी मतदान झालं आणि विधेयक नऊ मतांनी मंजूर झालं.

पाय संपल्याची गोष्ट मी कुठल्याच सभेत सांगितली नव्हती. ती फक्त वहीत होती.

घरी पोचले तेव्हा ताई मुंगीला जेवू घालत होत्या. मी वही टेबलावर ठेवली.

"ही तुम्ही उघडली होतीत?"

ताईंनी माझ्याकडे, मग मुंगीकडे पाहिलं. "उघडली होती."

"कशासाठी?"

"पुढच्या शुक्रवारी सांगते."

"आत्ता सांगा."

"आत्ता नाही सांगता येत. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

त्यांनी पुढचा घास कालवला. मुंगीने तोंडातला घास तसाच धरला होता आणि दोन्ही डोळ्यांनी आत्याकडे बघत होती. मला वाटलं, पोर माझ्या आवाजाला घाबरली.

"ताई, मी घरात घरभेदी पोसत होते का, एवढंच मला कळू द्या."

हे वाक्य मी थांबत थांबत, एकेक शब्द तोलून म्हटलं. भाषणाची सवय.

ताईंनी मुंगीचं तोंड पुसलं. ताट उचललं, घासलं, पालथं घातलं. मग म्हणाल्या, "पोसत कोण कुणाला होतं, मास्तरीणबाई, ते राहू दे." आवाज चढला नाही. सकाळी आठच्या गाडीने त्या गेल्या. त्यांचा भाऊ सोडायला गेला आणि परत येऊन माझ्याशी न बोलता दुकानात निघून गेला. कात्री मात्र त्या विसरल्या होत्या. की ठेवून गेल्या होत्या. त्याही बाबतीत मी दोन दिवस संशय घेत बसले.

थोरल्या बाईंनी फोनवर सांगितलं, "बरं झालं. घर साफ हवं." मला बरं वाटायला हवं होतं.

पुढचे नऊ दिवस मुंगीला शेजारच्या बाई सांभाळत होत्या. वेण्या घालताना आता मी काही म्हणत नव्हते. मुंगीने एकदा आपणहून सुरुवात केली, "घरापासून शाळा किती?" मी म्हटलं, नको गं आता. आरशात तिचे ओठ मात्र हलत होते.

शुक्रवारी तिच्या बालवाडीत पालकांचा दिवस होता. ही बालवाडी आमच्या वसाहतीतच आहे. सदस्यांची, कारकुनांची, पहारेकऱ्यांची सगळी मुलं तिथेच जातात. एका खोलीत वीतभर उंचीच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. कुणी चित्र दाखवलं, कुणी गाणं म्हणता म्हणता रडलं. मग बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "आता आमची मुंगी. ही गंमत तिच्या आईसाठी आहे, म्हणून आम्ही सगळ्यांनी गुपित ठेवलं होतं."

मुंगी स्टुलावर चढली. वेण्या पुढे घेतल्या. माझ्याकडे बघून खोल श्वास घेतला, अगदी मी घेते तसा.

"घरापासून शाळा किती?" मुंगी म्हणाली आणि हात पसरून थांबली. "चार हजार एकशे—"

"बारा," पंचवीस पोरं ओरडली.

"लहान मुलीचे पाय—"

"संपले."

सगळं भाषण. सात मिनिटांचं दोन मिनिटांत, मधले आकडे गाळून, पण एकही वाक्य इकडचं तिकडे नाही. जिथे मी थांबते तिथे ती थांबत होती, आणि तिचा वर्ग तिला उत्तर देत होता. माझ्या शेजारच्या छोट्या खुर्चीवर एक तरुण बाई हसून डोळे पुसत होती. माझ्याकडे झुकून म्हणाली, "तुमचीच ना ही? काय गोड पढवलंय. आमची लेक महिनाभर जेवताना, आंघोळीला, जिन्यात हेच म्हणतेय. सासऱ्यांचंसुद्धा पाठ झालंय. रोज रात्री ती अर्धं म्हणते नि ते पुरं करतात."

सासरे कोण, ते मला विचारावं लागलं नाही. शिक्षणमंत्र्यांच्या सुनेला मी समारंभात दोनदा पाहिलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर बालवाडीच्या बाई भेटल्या. "आत्या कुठे आहेत? त्यांची फार मदत झाली. मुंगी दोन ओळी उलटसुलट म्हणायची, तर त्यांनी वहीत बघून फोनवर नीट सांगितल्या. म्हणाल्या, आईचं वाक्य आईसारखंच यायला हवं, सुताचाही फरक नको."

मी हो हो म्हटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी मुलांना नऊ वर्षं फळ्यावर लिहून दिलं होतं. अर्थही सांगायला लावायचे.

दाराबाहेर येऊन मी ताईंना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला, मागे यंत्रांचा खडखडाट ऐकू आला, आणि एक अनोळखी बाई म्हणाली, "त्या टेबलावर आहेत. म्हणतात, हात गुंतलेत." आणि फोन ठेवला.

मुंगी माझं बोट धरून चालत होती. बालवाडीपासून आमचं घर जवळ. तरी ती मोजत होती, तोंडातल्या तोंडात. साठ, एकसष्ट, बासष्ट. मी तिला उचलून घेतलं. ती मला जड झाली आहे हे मला तेव्हाच कळलं. इतक्या दिवसांत तिला उचलून घेणाऱ्या ताईच होत्या.

"आवडलं का तुला?" तिने कानाशी विचारलं.

"फार आवडलं."

"तुला आधी कळलं होतं?"

"नाही गं. अजिबात नाही."

तिचा चेहरा फुलला. "मी आत्याला सांगितलं होतं, आईला सांगायचं नाही. कुण्णाला नाही. तिने शब्द दिलेला. बोट धरून." आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर मी तिला खाली ठेवलं, तर ती दोन पायऱ्या चढली, वळली, आणि माझ्या बरोबर समोर उभी राहिली.

"मग आत्याने सांगितलंच नाही ना तुला?"

"नाही."

"मग आत्या गेली, कारण—"

आणि हात पसरून, मान किंचित पुढे काढून, ती माझ्या उत्तरासाठी थांबली.